मरण येत नाही, त्याची कविता

टी. एस. एलियटची ‘द वेस्ट लँड’ ही कविता १९२२ साली छापून आली, तेव्हा तिच्या माथ्यावर जे अवतरण होतं ते मुळात तिथं नव्हतंच. आधीच्या खर्ड्यात एलियटनं जोसेफ कॉनरॅडच्या ‘हार्ट ऑफ डार्कनेस’मधला उतारा घातला होता. काँगोच्या अरण्यात हस्तिदंताच्या मागे लागून माणुसकी घालवून बसलेला कुर्ट्झ मरणाच्या दारात आपल्या सगळ्या आयुष्याकडे एकदा वळून बघतो आणि जे दिसतं त्यानं हादरून जातो, तो हा उतारा. एलियटचा मित्र एझरा पाउंड त्या खर्ड्यावर कात्री चालवत होता. कॉनरॅडला हा भार पेलवेल का, अशी शंका त्यानं काढली. एलियटनं उतारा काढला आणि त्या जागी पेट्रोनियस या रोमन लेखकाच्या ‘सॅटिरिकॉन’मधला छोटासा तुकडा बसवला. त्यात क्यूमी गावची भविष्य सांगणारी सिबिल आहे. अपोलो देव प्रसन्न झाला तेव्हा तिनं मुठीत धूळ घेतली आणि धुळीचे जेवढे कण तेवढी वर्षं मागून घेतली. तारुण्य मागायचं मात्र राहून गेलं. मग ती आक्रसत गेली, इतकी की एका कुपीत मावू लागली. ती कुपी टांगून ठेवली आहे आणि पोरं तिला विचारताहेत, बाई, तुला हवंय तरी काय? तिला मरण हवं आहे. पाउंडची शंका कॉनरॅडच्या वजनापुरती होती, पण त्या अदलाबदलीत कवितेचा उंबरठाच बदलला. एका पुरुषाच्या मरणाच्या जागी एका बाईचं न मरणं आलं.

विसाव्या शतकाच्या पहिल्या चाळीस-पन्नास वर्षांत युरोप-अमेरिकेत जी नवी कविता लिहिली गेली, तिची नाडी मला या अदलाबदलीत लागते. ही कविता मृत्यूनं झपाटलेली आहे असं सर्रास सांगितलं जातं; पाठ्यपुस्तकांत तर ते एक कलमच असतं. कविता उघडून बसलं की वेगळं दिसतं. मरण तिथं पुष्कळ आहे, पण त्याचा रुबाब गेलेला आहे. ते घरगुती झालंय, कधी कधी तर सुटका म्हणून येतं. पूर्वी मरणाच्या वाट्याला येणारं सगळं भय आता म्हातारपणाकडे सरकलं आहे, आणि हे म्हातारपणही केस पिकण्याचं किंवा गुडघे धरण्याचं नव्हे. संपायला हवं होतं ते संपत नाही, या अवस्थेचं. मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटायचं कारण नाही. भाळावरची जखम घेऊन रानोमाळ तेल मागत हिंडणारा अश्वत्थामा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत, आणि त्याला चिरंजीव म्हणतानाच तो शाप आहे हेही आपल्याला ठाऊक असतं.

आधी मरण कसं लहान झालं ते पाहू. युरोपच्या जुन्या चित्रांत आणि कवितांत मृत्यूचा थाट मोठा: विळा घेतलेला सांगाडा, कवटी, वाळूचं घड्याळ, विझणारी मेणबत्ती. आपल्याकडच्या रेड्यावरच्या यमासारखा तोही मानाचा पाहुणा. एलियटच्या प्रुफ्रॉकवरच्या कवितेत हा पाहुणा थेट नोकराच्या जागी जाऊन उभा राहिला आहे. बड्या घरातून निघताना कोट हातात धरून उभा असणारा सेवक असतो ना, तो. आणि तो आपल्याकडे बघून दात काढतो आहे. वॉलेस स्टीव्हन्सनं १९२२ मध्येच ‘द एम्परर ऑफ आइस्क्रीम’ ही छोटी कविता छापली. हा माणूस पेशानं विमा कंपनीतला वकील, तेव्हा मरणाची हिशेबी बाजू त्याच्या रोजच्या टेबलावर असणार, असं आपलं माझं मत. या कवितेत एक गरीब बाई वारली आहे. स्वयंपाकघरात चिरूट वळणाऱ्या एका दांडग्या माणसाला आइस्क्रीम घोटायला बोलावलंय, पोरं जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून फुलं आणताहेत. आतल्या खोलीत स्वस्त लाकडाचं कपाट आहे, त्याच्या तीन काचेच्या मुठी निखळलेल्या आहेत. त्या कपाटातून एक चादर काढायची. बाईनं त्या चादरीवर कधीकाळी स्वतःच्या हातानं नक्षी भरली होती. ती चादर तिच्या तोंडावर ओढायची, आणि तोंड झाकलं की घट्टे पडलेले पाय उघडे पडतात. मरणाची म्हणून एवढीच खूण कवितेत आहे: पुरी न पडणारी चादर. वर ना देवदूत, ना घंटा. शेजारच्या खोलीत आइस्क्रीम वितळायच्या आत खायचं आहे.

मरण इतकं आटोपशीर होत असताना म्हातारपण मात्र कवितेत ऐसपैस पसरत गेलं, आणि मौज अशी की ते पसरवणारे कवी तरुण होते. प्रुफ्रॉकवरची कविता एलियटनं १९११ मध्ये पुरी केली, तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. शिकागोच्या ‘पोएट्री’ मासिकात ती १९१५ च्या जूनमध्ये आली. कवितेतल्या माणसाचे केस विरळ होताहेत, लोक त्यावर बोलतील याची त्याला धास्ती आहे, पँटचे पाय दुमडावेत का आणि पीच खायचं धाडस करावं का याचा तो खल करतो, आणि आयुष्याचं माप त्यानं कॉफीच्या चमच्यांनी काढलेलं आहे. त्यानंतर १९१९ मध्ये लिहिलेल्या ‘गेरोन्शन’मध्ये तर बोलणाराच एक वृद्ध आहे: भाड्याच्या, पडक्या घरात बसलेला, कोरड्या महिन्यात पावसाची वाट बघणारा, एका मुलाकडून वाचून घेणारा. कवी तिशीच्या आसपास. पुढे चाळिशीतल्या एलियटनं ‘ॲश वेन्सडे’मध्ये स्वतःला म्हाताऱ्या गरुडाच्या जागी कल्पिलं, तेव्हा एडमंड विल्सन हा अमेरिकन समीक्षक वैतागला. एवढ्यात कसलं म्हातारपण, असा त्याचा सूर होता, आणि वरवर पाहता त्याचं काही चुकलं नव्हतं. तरुण कवीनं पांढरी दाढी चिकटवून रंगमंचावर यावं, यात थोडी नाटकबाजी असतेच.

मग प्रश्न असा की एवढ्या तरुण माणसाला हा मुखवटा का लागावा. मरणारा माणूस कवितेला एकच क्षण देतो. तो क्षण कितीही भेदक असला तरी त्यानंतर पडदा पडतो. म्हातारा माणूस एक अवस्था देतो, जिच्यात काहीही नव्यानं सुरू होऊ शकत नाही आणि तरीही काही संपलेलं नाही. एलियटला जे सांगायचं होतं ते या अवस्थेबद्दल. १९१७ पासून तो लंडनच्या लॉइड्स बँकेत नोकरी करत होता. सकाळच्या धुक्यात पुलावरून कामाला निघालेली गर्दी त्याच्या कवितेत मेलेल्यांच्या रांगेसारखी येते, पण ते लोक मेलेले नाहीत, ही खरी अडचण. ‘द वेस्ट लँड’ या दृष्टीनं पुन्हा वाचून पाहावी. ‘गेरोन्शन’ ही कविता प्रस्तावना म्हणून तिच्या आधी छापावी असा एलियटचा विचार होता. पाउंडनं तो हाणून पाडला. म्हणजे पाउंड आड आला नसता तर वाचकाला आधी तो म्हातारा भेटला असता, आणि कवितेच्या मध्यावर तर टायरेसियस आहेच: ग्रीक पुराणातला आंधळा, स्त्री आणि पुरुष अशी दोन्ही आयुष्यं भोगलेला, सगळं आधीच सोसून झालेला वृद्ध द्रष्टा. एलियटनं स्वतःच्या टिपेत त्याला कवितेतलं सर्वांत महत्त्वाचं पात्र म्हटलं आहे. याउलट कवितेत खरोखर मरतो कोण? फ्लीबस नावाचा फिनिशियन खलाशी, बुडून. त्याच्यावरचा चौथा खंड दहा ओळींचा आहे. चारशेहून अधिक ओळींच्या कवितेतला सगळ्यांत छोटा आणि माझ्या मते सगळ्यांत शांत. समुद्राखाली त्याला नफ्या-तोट्याचा विसर पडला आहे. हायसं वाटावं अशी जागा या कवितेत तेवढीच, आणि ती एका मृताच्या वाट्याला आली आहे.

यावर पहिला आक्षेप पहिल्या महायुद्धाचा. एकट्या ब्रिटनचे सात लाखांवर सैनिक ज्या युद्धात गेले, त्याच्या पाठोपाठ लिहिलेल्या कवितेत मरण लहान झालं असं म्हणणं हा वाचनाचा हट्ट नाही का? आक्षेप रास्त आहे, आणि एलियटच्या बाबतीत तो वैयक्तिकही आहे: पॅरिसमध्ये जोडलेला त्याचा मित्र झाँ व्हर्दनाल १९१५ मध्ये दार्दनेल्सच्या मोहिमेत मारला गेला आणि एलियटनं आपलं पहिलं पुस्तक त्याला अर्पण केलं. पण युद्धानं नेमकं काय केलं ते बघा. त्यानं क्रम उलटवला. धाकटे आधी गेले आणि थोरले मागे राहिले. ज्यांनी फर्मानं काढली ते तर नक्कीच राहिले. विल्फ्रेड ओवेननं अब्राहाम आणि त्याच्या मुलाची बायबलमधली कथा फिरवून म्हाताऱ्यांवर ठपका ठेवणारी कविता लिहिली, आणि युद्ध थांबायला आठवडा असताना, ४ नोव्हेंबर १९१८ रोजी, तो स्वतः मारला गेला. तेव्हापासून इंग्रजी कवितेत म्हातारा माणूस निरपराध राहिला नाही. ‘गेरोन्शन’मधला वृद्धही पहिल्याच ओळींत आपण लढाईत नव्हतो हे सांगून टाकतो, आणि त्याच्या सगळ्या पांडित्याखाली ती बोच आहे. तेव्हा लाखो मरणांनी मरणाचं प्रतीक मोठं केलं नाही. मागे उरलेल्यांचं जगणं संशयास्पद केलं. शिवाय प्रुफ्रॉक तर युद्धाच्या तीन वर्षं आधीच लिहून तयार होता. सगळं युद्धाच्या माथी मारून मोकळं होता येत नाही.

दुसरा आक्षेप असा की यात नवीन काय? टेनिसननं ‘टिथोनस’ लिहिलीच होती. तिथंही अमरत्व मागितलं आणि तारुण्य विसरलं, हीच गोष्ट. बोदलेअरनं तर १८५९ मध्येच पॅरिसच्या रस्त्यांवरून खुरडत चालणाऱ्या म्हाताऱ्या बायांवर कविता केली आणि त्यांच्या शवपेट्या कित्येकदा लहान मुलांच्या पेटीएवढ्याच असतात, असं एक भयंकर निरीक्षण त्यात सहज टाकून दिलं. आपल्या महाभारतात ययातीनं आपलं म्हातारपण पुरूच्या अंगावर टाकलं, हा तर तरुणानं वार्धक्य पांघरण्याचा आद्य दाखला. हे सगळं मान्य. फरक पडतो तो वागणुकीत. टेनिसनचा टिथोनस उषेच्या महालात आहे, त्याच्या दुःखाला संगीत आहे, ऐकायला देवी आहे. सिबिलची हकिकत मात्र ‘सॅटिरिकॉन’मध्ये ट्रिमाल्कियो नावाचा एक नवश्रीमंत, जेवणाच्या पंगतीत फुशारक्या मारता मारता सांगतो, मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली बरं का, या थाटात. म्हणजे तिचं दुःख आपल्यापर्यंत येतं तेच एका बढाईखोराच्या तोंडून. एलियटनं टेनिसनचा महाल न घेता ही पंगत उचलली. बोदलेअरला मात्र मी पूर्वज मानतो, आणि नव्या कवितेच्या कर्त्यांनीही मानलंच होतं.

सगळ्यांत अवघड आक्षेप डब्ल्यू. बी. येट्सच्या नावानं येतो. एलियटचं म्हातारपण मुखवटा असेल. येट्सचं खरं होतं, हाडामांसाचं. त्याचा जन्म १८६५ चा. ज्या कवितांमुळे तो नव्या कवितेतला मोठा कवी ठरतो, त्यांतल्या बहुतेक त्यानं पन्नाशी ओलांडल्यावर आणि साठीनंतर लिहिल्या. त्याच्यासाठी वार्धक्य हे संस्कृतीचं रूपक वगैरे नव्हतं, ते त्याच्या अंगाला येऊन भिडलं होतं. मग त्याला या युक्तिवादात कसा बसवायचा? इथं जरा रेंगाळायला हवं. सव्विसाव्या वर्षी मॉड गॉनवरच्या प्रेमात त्यानं एक कविता लिहिली होती, सोळाव्या शतकातल्या रोंसार या फ्रेंच कवीचा धागा पकडून. तू म्हातारी होशील, शेकोटीपाशी डुलक्या घेत हे पुस्तक काढशील, अशी त्या कवितेची मांडणी. त्या म्हातारपणाला ऊब आहे. ते दुसऱ्याचं आहे आणि ते प्रेयसीला वळवण्यासाठी वापरलेलं आहे. साठीला आल्यावर स्वतःसाठी त्याच्या हाती ज्या प्रतिमा आल्या त्या अशा: शेतातलं बुजगावणं, काठीवर अडकवलेला फाटका कोट, आणि टवाळ पोरांनी कुत्र्याच्या शेपटीला काही बांधून द्यावं तसं आपल्याला बांधलेलं जर्जर वय. यातली एकही प्रतिमा मरणाची नाही. तिन्हींत हसू होण्याची लाज आहे. १९२६ मध्ये आयर्लंडचा सिनेटर म्हणून तो वॉटरफर्डची एक शाळा बघायला गेला. मुलांच्या नजरेसमोर हसतमुख उभा राहिलेला साठीचा प्रतिष्ठित गृहस्थ आणि आतून आपण बुजगावणं आहोत हे ओळखून असलेला माणूस, यांच्या ओढाताणीतून ‘अमंग स्कूल चिल्ड्रन’ निघाली.

त्याच वर्षी त्यानं ‘सेलिंग टू बायझँटियम’ लिहिली आणि १९२८ च्या ‘द टॉवर’ संग्रहाच्या आरंभी ठेवली. तरुणांचा, माशांचा, पाखरांचा, विणीचा देश सोडून हा म्हातारा सोन्याच्या शहराकडे निघतो. पुन्हा जन्म मिळालाच तर देह नको, सोनारानं घडवलेला सोन्याचा पक्षी होऊन फांदीवर बसून गाईन, असा त्याचा बेत. ही कविता कलेच्या अमरत्वाची म्हणून शिकवली जाते. स्टर्ज मूर हा कवी-चित्रकार येट्सचा मित्र. ‘द टॉवर’चं देखणं मुखपृष्ठ त्याचंच. त्यानं १९३० मध्ये येट्सला पत्रातून खडसावलं की सोनाराचा पक्षीही माणसाच्या देहाइतकाच निसर्गातला आहे, विशेषतः तो जर देहधारी जगाचीच गाणी गाणार असेल तर. येट्सला ते लागलं असावं, कारण त्या मुद्द्याला उत्तर म्हणून त्यानं ‘बायझँटियम’ ही दुसरी कविता रचली. मला मूरचा आक्षेप आणखी एक पाऊल पुढे न्यावासा वाटतो. एलियटची सिबिल कुपीत टांगलेली आहे, येट्सचा पक्षी फांदीवर बसवलेला आहे. दोघांनाही मरण नाही, दोघांनाही स्वतःहून हलता येत नाही, दोघं इतरांच्या करमणुकीची वस्तू झालेली आहेत: तिच्याभोवती पोरं, याच्यासमोर पेंगुळलेला सम्राट. सिबिलला जो शाप वाटतो तो येट्सचा म्हातारा नवस बोलून मागतो आहे, आणि कवितेत पक्ष्याचं गाणं ऐकणारा राजा डुलक्या घेतो आहे हे येट्सच्याच नजरेतून सुटलं असेल असं मला वाटत नाही.

कारण पुढची दहा-बारा वर्षं त्यानं दोन्ही वाटा एकदम धरल्या. एप्रिल १९३४ मध्ये, अडुसष्टाव्या वर्षी, त्यानं लंडनमध्ये नॉर्मन हेअर या डॉक्टरकडून स्टाइनाख शस्त्रक्रिया करून घेतली. ती खरं तर नसबंदीचाच एक प्रकार, पण तिनं तारुण्य परत येतं अशी तेव्हा हवा होती. डब्लिनच्या वर्तमानपत्रांनी त्याची यथेच्छ टिंगल केली. आणि त्याच काळात हा माणूस उपनिषदांच्या इंग्रजी अनुवादाला बसला होता, तोही विदर्भातल्या बडनेऱ्यात जन्मलेल्या श्री पुरोहित स्वामींबरोबर. स्वामींनी आपले गुरू भगवान श्री हंस यांचं कैलास-मानसच्या यात्रेवरचं मराठी पुस्तक इंग्रजीत आणलं, त्याला १९३४ मध्ये येट्सनं प्रस्तावना लिहिली. मग दोघं स्पेनच्या माजोर्का बेटावर जाऊन उपनिषदांवर काम करत राहिले आणि १९३७ मध्ये दहा प्रमुख उपनिषदांचा अनुवाद बाहेर आला. ‘मेरू’ नावाची त्याची कविता याच सहवासातली. एकीकडे ग्रंथींना चेतवण्याची शस्त्रक्रिया आणि दुसरीकडे देहापलीकडच्या आत्म्याचं चिंतन, याला ढोंग म्हणणारे तेव्हाही होते. मला त्यात विसंगती कमी आणि घाई जास्त दिसते. मरणाच्या आधी म्हातारपणावर काहीतरी उपाय निघायला हवा ही घाई. उपाय निघाला नाही. १९३९ च्या जानेवारीत, त्याच्या मरणाच्याच महिन्यात, ‘द सर्कस ॲनिमल्स डेझर्शन’ छापून आली. तिच्यात तो आपल्या आयुष्यभराच्या प्रतिमांना सर्कशीतल्या जनावरांसारखं एकेक करून हजेरीला बोलावतो आणि शेवटी काळजाच्या भंगारदुकानात, जुन्या किटल्या, बाटल्या आणि चिंध्यांच्या ढिगात येऊन आडवा होतो. सोन्याचा पक्षी त्या दुकानात नाही. म्हणून येट्स या युक्तिवादाच्या आड येत नाही; उलट न मरणारं प्रतीक घडवून, पारखून ते टाकून देण्याचा सगळा प्रवास त्याच्या एकट्याच्या कवितेत दिसतो.

तिसरी एक हरकत प्रतीकांवरच आहे. म्हाताऱ्या माणसाला संस्कृतीचं, काळाचं, कशाचंही प्रतीक करणं हा त्या माणसावर अन्यायच नाही का? विल्यम कार्लोस विल्यम्स हा न्यू जर्सीतला डॉक्टर या मताचा होता. विचार वस्तूंतून यावेत, वर लटकवलेले नसावेत, असा त्याचा आग्रह. आपल्या इंग्लंडहून आलेल्या आजीच्या शेवटच्या दिवसावर त्यानं १९२० च्या दशकात कविता लिहिली आणि पुढे ती तासून आणखी बारीक केली. बिछान्याशेजारी खरकट्या बशा, दुधाचा पेला. आजी खायला मागते, दवाखान्यात जाणार नाही म्हणून भांडते, स्ट्रेचरवर घातल्यावरही तिचा टोमणा तयार असतो. रुग्णवाहिकेच्या खिडकीतून एल्मची झाडं मागे पळताना दिसतात. ते धूसर काय आहे म्हणून ती विचारते. झाडं आहेत, असं कळल्यावर आपल्याला त्यांचा कंटाळा आलाय असं सांगून मान फिरवते. यात प्रतीक शोधून सापडत नाही. पण प्रतीक टाळूनही कवी पोचतो कुठं, तर जगून पुरे झालेल्या एका म्हातारीपाशीच. मरणाचा उल्लेखही करायची त्याला गरज वाटत नाही.

एलियट स्वतः खरंच उतारवयाकडे झुकला, तेव्हा काय झालं हेही पाहण्याजोगं आहे. येट्स गेल्यावर १९४० मध्ये डब्लिनच्या ॲबी थिएटरमध्ये त्यानं येट्सवर व्याख्यान दिलं आणि वय वाढताना कवी राहणं येट्सला जमलं, याचं मनापासून कौतुक केलं. दोन वर्षांनी ‘लिटल गिडिंग’मध्ये, बॉम्बहल्ल्यानंतरच्या पहाटे, लंडनच्या रस्त्यावर त्याला एका मृत गुरूची छाया भेटते, तिच्यात अनेक कवी मिसळले आहेत, पण येट्स उघड ओळखू येतो. ही छाया म्हातारपणाच्या देणग्या मोजून दाखवते: इंद्रियं थंड होत जाणं, माणसांच्या मूर्खपणावर नुसताच चालणारा निष्फळ राग, आणि आपण केलेलं सगळं पुन्हा डोळ्यांसमोर घडताना बघणं. बावीसच्या वयात चिकटवलेली दाढी इथं गळून पडली आहे. चौपन्न वर्षांचा एलियट आता दुसऱ्याच्या खऱ्या वार्धक्याकडून धडा घेतो आहे.

मराठीत नवकविता आली ती या कवितेशी नातं सांगतच. बा. सी. मर्ढेकर तरुणपणी लंडनला राहून आलेले. ‘काही कविता’ हा त्यांचा संग्रह १९४७ चा. ओल्या पिपातल्या मेलेल्या उंदरांवरची त्यांची कविता किती जणांनी किती तऱ्हांनी लावली याला गणती नाही, आणि दुर्बोधतेचा शिक्काही तिच्यावर कायमचा बसला. मला ती दुर्बोध वाटत नाही. जगणंही लादलेलं आणि मरणंही लादलेलं, असं दोन्हीकडून कोंडलेल्यांचं ते पिंप आहे. मरणाला इथं सुटकेचाही मान उरलेला नाही. फ्लीबसला मिळालेली शांतता मर्ढेकर उंदरांना देत नाहीत, म्हणजे या बाबतीत ते एलियटच्या पुढे गेले असं म्हणावं लागेल. पण म्हातारपणाकडे ते फारसे वळले नाहीत. १९५६ मध्ये सेहेचाळिसाव्या वर्षीच गेले.

ती जागा अरुण कोलटकरांनी भरली, आणि अगदी उलट्या बाजूनं. त्यांच्या १९७६ च्या इंग्रजी ‘जेजुरी’त एक म्हातारी आहे. ती पाहुण्याची बाही धरते, सोडत नाही. पन्नास पैसे दे, तुला जवळचं एक ठाणं दाखवते, असा तिचा हेका. पाहुणा तिला झटकून टाकायला वळतो आणि तिच्या डोळ्यांत बघतो. त्या डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या चेहरा ओलांडून बाहेर पसरतात, डोंगर तडकतात, देवळं तडकतात, आभाळ कोसळतं; म्हातारी मात्र जागची हलत नाही, आणि तिच्या हातावरच्या चिल्लरीएवढी किंमत शेवटी पाहुण्याची उरते. ही बाई कंटाळलेली नाही, मरण मागत नाही, कुणाची करमणूकही करत नाही. तिला पोटापाण्याचं काम आहे. न संपणं हा शाप असतो, या एलियटच्या आणि येट्सच्या गृहीतकाला इथं तडा जातो, आणि माझ्या युक्तिवादाची हद्दही इथंच लागते: ज्यांच्यापाशी निवांत बसून स्वतःच्या वयाकडे बघण्याची सोय होती त्यांचं ते भय होतं. कोलटकरांच्या म्हातारीला ती सोय नाही. ती आधी पन्नास पैसे मागते. प्रतीक वगैरे व्हायचं ते नंतर, आणि तेही पाहुण्याच्या डोक्यात.